धनू जरा हळू खोडा

परवा वाचनालयाच्या काउंटरवर उभी राहून मी वीस मिनिटं दुसऱ्याचं भविष्य खोडत होते. दंड माझ्या पैशांतून, श्रम माझे. खोडरबर तेवढं वाचनालयाचं.

झालं असं, की पाडव्याला मी दिवाळी अंकांच्या योजनेचे पैसे भरले आणि पण केला. देवदिवाळीपर्यंत, म्हणजे अख्खा कार्तिक महिना, एक दिवाळी अंक आणि त्यावर उतारा म्हणून ड्रॅगनवाल्या कादंबरीची शंभर पानं, असं आलटून पालटून वाचायचं. कादंबरी तीन भागांची, अनुवादित, उशीइतकी जाड. महिनाअखेरचा हिशेब: चौदा अंक आणि पावणेदोन भाग. चौदापैकी तीन अंक नुसते चाळलेत, पण वहीत चौदाच लिहिलंय. वही माझी आहे.

तर देवदिवाळीला शेवटचा अंक परत करायला गेले. काउंटरवरच्या मॅडम कधीही अंक उघडून बघत नाहीत. मागे एकदा मी वरणाचा डाग पडलेला अंक घाबरत घाबरत दिला होता, तोही त्यांनी फोनवर बोलता बोलता ढिगावर टाकला होता. त्या दिवशी मात्र त्यांनी पानं उलटली आणि नेमक्या राशिभविष्यावर थांबल्या.

धनू राशीच्या मजकुरात पेन्सिलीच्या खुणा होत्या. नुसत्या खुणा नाहीत, शेरे. ‘आरोग्याच्या किरकोळ तक्रारी संभवतात’ याखाली रेघ आणि शेजारी मुंगीएवढ्या सुबक अक्षरात, ‘ता. 2. गुडघा. बरोबर.’ ‘परदेशगमनाचे योग’ याच्यापुढे, ‘खोटे.’ ‘जुनी येणी वसूल होतील’ याच्यापुढे तीन प्रश्नचिन्हं आणि एका गृहस्थाचं नाव, आडनावासकट. आणि ‘संततीकडून शुभवार्ता’ याच्यापुढे, ‘फोन नाही.’

“वीस रुपये दंड,” मॅडम म्हणाल्या. “आणि खोडून द्या.”

“अहो, हे माझं नाही. माझी रास कन्या आहे.”

“ते मला कसं कळणार, ताई? रजिस्टरात शेवटचं नाव तुमचं आहे.”

या युक्तिवादाला जगातल्या कुठल्याही कोर्टात उत्तर नाही. मी खोडरबर घेतलं.

शेजारी एक काका उभे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कापडी पिशवी, आणि शर्टाच्या खिशाला (हे मी फार उशिरा पाहिलं) लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल, टोक काढलेली. त्यांनी माझी काउंटरवर ठेवलेली कादंबरी उचलली, हातात तोलून पाहिली आणि विचारलं, “मुलाची का?”

“माझी.”

“तुमची?” त्यांनी मला चपलांपासून चष्म्यापर्यंत पाहून घेतलं. मग पहिलं पान उघडलं. तिथे नकाशा होता. असल्या कादंबऱ्यांत असतोच: डोंगर, जंगल, खाली समुद्र, समुद्रात एक गलबत. काकांनी चष्मा कपाळावर चढवून नकाशा डोळ्यांपाशी नेला. “हे कुठे आलं?”

“कुठेच नाही, काका. काल्पनिक आहे.”

“मग नकाशा कशाला?”

दोन दिवस झाले, मी विचार करतेय. उत्तर सापडलेलं नाही.

“ह्यात असतं काय पण?”

“ड्रॅगन असतात. एक राजकन्या असते, तिला त्यांची भाषा येत असते…”

“म्हणजे राक्षस-बिक्षस! अहो ताई, हे वय आहे का आपलं?” आपलं! मी सेहेचाळीस वर्षांची आहे, काका पंचाहत्तरच्या आत खात्रीने नव्हते. “तिकडचं खूळ आहे हे सगळं. माणसानं कसं, वास्तवाला धरून वाचावं. आता मी बघा, दर दिवाळीला आठ अंकांतली भविष्यं समोर ठेवतो आणि ताडून बघतो. ज्याचं जुळेल, तो अंक पुढच्या वर्षी पहिला न्यायचा. शास्त्र आहे ते. शनी मीनेत आहे सध्या, गंमत नाही.”

ज्या पानावर मी खोडत होते, तिथे धनू राशीचं चित्र होतं. कमरेच्या वर माणूस, कमरेखाली घोडा, हातात ताणलेलं धनुष्य. पलीकडची मकर म्हणजे नक्की कोण, हे चित्रकारालाही ठरवता आलेलं नव्हतं. तोंड एका प्राण्याचं, शेपूट दुसऱ्याची. माझ्या कादंबरीत निदान घोडा वेगळा आणि वर बसलेला माणूस वेगळा! हे उत्तर मला घरी पोचल्यावर, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला सुचलं. काउंटरवर मी एवढंच म्हणाले, “हो का?”

आणि तिकडचं खूळ म्हणे. आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य होता. त्यानं ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, अशी कथा आहे. राजानं नाक मुरडलं. मग हा रानात अग्नी पेटवून बसला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली आणि वाळली. राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस बेचव झालं, चौकशी लागली आणि प्रकरण उघडकीस आलं. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या लाखाची गोष्ट सोमदेवानं 11व्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या करमणुकीसाठी संस्कृतात सांगितली. आपला झाडाला लटकणारा वेताळ आणि त्याच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. यात मला सगळ्यांत अद्भुत वाटतं ते हे, की ऐकणाऱ्यांचं वजन उतरलं. माझं कार्तिकात दोन किलो वाढलं. त्या हरणांच्या हाताशी चकलीचा डबा नव्हता.

काकांना हे ऐकवायला हवं होतं. पण तोंडात फुंकर होती, खोडलेला भुगा उडवायला.

वास्तवाला धरून म्हणजे दिवाळी अंक, असं काकांना म्हणायचं असेल, तर त्याबद्दलही माझ्या पोटात बरंच आहे. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली परंपरा. अभिमान आहेच. पण यंदा चारशे रुपये किमतीच्या एका अंकात कथा ऐन भरात आलेली, नायिका विहिरीच्या काठावर, पान उलटलं तर पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला फोटो. पुढच्या पानावर संचालक मंडळ, सतरा फोटो. त्यापुढे बिल्डर. मग कळलं, कथेचा उरलेला भाग पान 212 वर. तिथवर पोचेतो मला विहिरीत कुणी जावं याबद्दल वेगळीच मतं झाली होती. आणि संपादकीयात, दरवर्षीप्रमाणे, कागदाचे वाढलेले भाव. अहो, मग त्या सतरा फोटोंना कागद लागला नाही का?

असो. मी खोडत होते. गुडघा गेला. परदेशगमन गेलं. येणी बुडवणारे गृहस्थ आडनावासकट गेले. तेवढ्यात काका कळवळून म्हणाले, “धनू जरा हळू खोडा. तिथला कागद विरलाय.”

मी मान वर केली. तेव्हा ती पेन्सिल दिसली. मी पेन्सिलीकडे पाहिलं, काकांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले, आणि त्याचाच राग अजून उतरत नाही. ‘फोन नाही’ एवढे दोन शब्द मी तसेच ठेवले. मॅडमना म्हटलं, हे छापलेलंच आहे. दया वगैरे काही नाही, खोडरबर संपत आलं होतं.

मॅडमनी पावती फाडली. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, ‘भविष्य खराब केले. रु. 20/-’. ती सध्या दुसऱ्या भागात खूण म्हणून आहे, तीनशे दहाव्या पानावर, ड्रॅगन किल्ल्यावर उतरतो तिथे. तिसरा भाग गणपतीपासून कुणाकडे तरी अडकलाय. मी विचारलं, रजिस्टरात शेवटचं नाव कुणाचं आहे? मॅडम म्हणाल्या, “ते असं सांगता येत नाही, ताई.”