दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राविषयी खुलासा

हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत जपणाऱ्या साडीतील स्त्रीचे चित्र ‘राजा रविवर्मा यांची अजरामर कलाकृती’ या ओळीसह सध्या पुन्हा फिरत आहे, आणि गेल्या दिवाळीत मीही ते त्याच ओळीसह पुढे पाठवले होते. ही माहिती चुकीची आहे.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात असलेले हे चित्र मूळच्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. ते त्यांनी १९४५-४६च्या सुमारास रंगवले, तर रविवर्मा यांचे निधन १९०६ साली झाले. चित्रासाठी हळदणकरांची कन्याच दिवा घेऊन उभी राहिली होती, असे तिने स्वतः वृत्तपत्रांना सांगितले होते; तिचा तर जन्मही रविवर्मा यांच्या निधनानंतरचा.

माध्यमही पाहावे. रविवर्मा यांची ख्याती तैलरंगांची, तर हे चित्र जलरंगातील आहे. जलरंगात उजेड हा बहुतांशी कोऱ्या राखलेल्या कागदाचा असतो आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळणे अवघड जाते. म्हणूनच बोटांच्या कडांतून झिरपणारा तो लालसर प्रकाश आणि चेहऱ्यावरील हलकी आभा यांत हळदणकरांचा हात किती तयार होता ते दिसते. (माझ्या मते हे त्यांच्या व्यक्तिचित्रणाचे शिखर आहे.)

रविवर्मा यांच्या मोठेपणाला यामुळे काहीच बाधा येत नाही. आपल्याकडे तो संदेश आला असल्यास कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हळदणकरांचे नाव कळवावे.