‘फुकटचे तांदूळ’ आणि 44,000 रुपये

जून-जुलैची मासेमारी बंदी, त्यामुळे देवगड बंदरावरचा आमचा कट्टा दुपारपासूनच भरलेला. दाजींनी तोंड फोडलं, "लावणीक माणूस गावना नाय. घरात रेशनचे फुकटचे तांदूळ येतत, मग चिखलात कोण उतरतलो?"

सुनील उसळलाच. "दाजीनू, प्राधान्य कार्डार माणशी म्हयन्याक पाच किलो धान्य, त्यातच गहू. दोन टायम भात खाणाऱ्याक ह्या पुरता? माणूस गावना नाय, कारण पोरां मुंबैक गेली."

मला सुनीलचंच पटतं. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. त्याआधी तांदूळ तीन रुपये किलो होता, गहू दोन. म्हणजे माणशी महिन्याला फार तर पंधरा रुपये वाचले. तेवढ्यासाठी कोणी दिवसाची मजुरी सोडत नाही. रेशनवर आळशीपणाचा ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

"मग स्लॅबच्या घरवाल्यांका कसा मिळता?" दाजी म्हणाले. हा प्रश्न मात्र खरा होता, आणि बराच वेळ आम्ही त्यावरच अडकलो. प्राधान्य कुटुंब, म्हणजे ज्याला माणशी धान्य मिळतं ते, ठरवायला गावात वर्षाला 44,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा. महिन्याचे झाले पावणेचार हजारांच्या आत. या हिशोबात खलाशी बसत नाही, काजू फॅक्टरीत रोज जाणारी बाईही बसत नाही. ज्यांचा उत्पन्नाचा दाखला पूर्वीच निघाला त्यांचं नाव राहिलं. आज खरं उत्पन्न सांगणारा बाहेर. खरं बोलणाऱ्याच्या घरची चूल या नियमाने अडवली आहे.

आणि दाखला मिळाला तरी जागा कुठे आहे? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रासाठी 7 कोटी 16 हजार माणसांची कमाल संख्या ठरली, 2011 च्या जनगणनेवरून. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्या संख्येतला जिल्ह्याचा वाटा म्हणजे इष्टांक. तो भरला की नवी सून, नवं बाळ थांबलं. कोणाचं तरी नाव कमी होईपर्यंत. केशरी कार्ड हातात आहे आणि धान्य नाही, अशी घरं आमच्याच वाडीत आहेत.

अंत्योदय या दुसऱ्या रेशन कार्डाचं गणित आणखी वेगळं. तिथे कार्डामागे 35 किलो, घरात माणसं कितीही असोत. निराधार विधवा, अपंग, आधार नसलेले म्हातारे, कातकरी कुटुंबं यांच्यासाठी ती योजना आहे, आणि एकट्या म्हातारीला तिचा खरा आधार होतो. यावर दाजीसुद्धा काही बोलले नाहीत.

मुंबईच्या पोरांचं नाव कापायची गरज नाही, हे सुनीलने दाजींना दोनदा सांगितलं. कार्ड गावचं असलं तरी त्यांच्या वाट्याचं धान्य अंगठा लावून तिथल्या दुकानात उचलता येतं.

"तरी आधी बंगलेवाल्यांची नावां काढूक होयी," दाजी हट्टाने म्हणाले.

"काढा," सुनील म्हणाला. "पण 44,000 चो आकडो तसोच ठेवलास तर त्येंच्या जागेर घालतलास कोणाक?"