खुलासा : हॅश जुळला, म्हणून फाइल सुरक्षित?

डिचोली-फोंड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत मेसेज फिरतोय : ‘इन्स्टॉलरसोबत एमडी५ हॅश दिलाय, जुळला की बिनधास्त टाका.’ हॅश म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला अक्षर-अंकांचा ठसा; एमडी५ ही तो काढायची एक जुनी पद्धत. कृपया तसे बिनधास्त टाकू नका. हॅश जुळला तर तुमची फाइल पाठवणाऱ्याच्या फाइलसारखीच आहे, एवढेच कळते. त्याचीच बिघडवलेली असेल तर? शिवाय दोन वेगळ्या फाइलींचा एकच एमडी५ निघू शकतो, हे २००४ सालीच दाखवून झाले आहे. शा-२५६ (अधिक भक्कम पद्धतीचा हॅश) घ्या, तोही मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून. हॅश काढणाऱ्या विंडोजच्या सर्टयुटिल कमांडला शा-२५६ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर ती जुन्या, कमकुवत पद्धतीचा शा-१ काढू शकते. काल माझ्या पुतण्याने हॅशची पहिली चार अक्षरे पाहून ‘जुळला’ म्हटले. तेवढी जुळणारी बनावट फाइल क्षणात बनते. शा-२५६ची सगळी ६४ अक्षरे तपासा.