ससा घरात आणताय? आधी लादी झाका

गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात वाढलेला ससा पावसाळ्याच्या तोंडावर फ्लॅटमध्ये आणला की दोन-चार दिवसांत तक्रार ठरलेली: "कोपऱ्यातून हलतच नाही, फार घाबरट आहे." घाबरट कसला, पाय घसरतायत त्याचे! सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते दाट केस असतात. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात, आणि दोनदा आपटला की तो पाऊलच टाकत नाही. तेव्हा खेळणी-बिळणी राहू द्या, जुनी सतरंजी अंथरा. प्लॅस्टिकची चटई नको, कुरतडून गिळेल.

पहिल्याच दिवशी अख्खं घर मोकळं देऊ नका. हॉलमध्ये ४ बाय ६ फुटांची जागा जाळीने अडवा, कुकर-मिक्सरपासून जमेल तितकी लांब. लपायला खोका द्या, पण त्याला दोन दारं कापा. एकच दार असलं की त्याला कोंडल्यासारखं होतं. चार्जरच्या वायरी आधीच उचला. मनीप्लांटही.

शू-शीची सवय वासाने लागते. ट्रेमध्ये रद्दी, वर सुकं गवत आणि जुन्या पिंजऱ्यातल्या मूठभर लेंड्या. खायचं गवत ट्रेच्या काठालाच ठेवा, कारण ससे खाता खाताच लेंड्या टाकतात. लोक तो ट्रे रोज फिनेलने घासतात आणि मग म्हणतात, घरभर करतो! पाणी-व्हिनेगर पुरतं. नसबंदी झाली नसेल तर मात्र थोडंफार शिंपडणं चालूच राहणार.

बाहेर ओलं गवत चरणाऱ्याला सुक्यावर ८-१० दिवसांत हळूहळू आणा. लसूणघास स्वस्त म्हणून रोज घालू नका. त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला लघवीचा त्रास होतो. मुंबईच्या दमट हवेत गवताला बुरशी लवकर धरते, म्हणून थोडं थोडंच आणा. १०-१२ तासांत खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. पुष्कळ दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात, तेव्हा सशाचा डॉक्टर आधीच शोधून ठेवा.

उकाड्यात बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे जाते.

आणि एक दिवस तो धप्पकन कुशीवर पडून डोळे मिटेल. मेला की काय म्हणून हलवायला धावू नका, रुळलाय तो. मग जाळी फूटभर मागे सरकवा.