मामा, सावकाश या, पण याच

आठ वर्षं मी वडाळ्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात होते. गाड्या लावायच्या, बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवायच्या आणि दिवसरात्र ड्रायव्हरांना फोन करायचे, हे माझं काम. आज जे लिहितेय ते त्या माणसांचं माझ्यावरचं देणं आहे.

जुलैमधली रात्र. चाकणहून भरलेला डबा, म्हणजे कंटेनर, न्हावा शेवाला पोचवायचा होता आणि पहाटे सहाचा कट-ऑफ होता. म्हणजे सहाच्या आत डबा बंदराच्या गेटातून आत गेला नाही, तर जहाज त्याच्याशिवाय सुटणार. साडेअकराला लोणावळ्याच्या अलीकडून मामांचा फोन आला. बीडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, ऑफिसात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. "ताई, समोरचं काय बी दिसंना. वायपर तुटलाय, सुतळीनं बांधलाय. ब्रेकचे लायनर बी संपत आलेत, ब्रेक उशिरा धरतोय. घाट उतरू का नको?" फोनमधून काचेवर आपटणारा पाऊस ऐकू येत होता आणि मधून मधून वायपरची दांडी काचेला घासल्याचा कर्र आवाज.

मालक माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांना पार्टीचे, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाचे, दोन फोन येऊन गेले होते. त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हणाले, "मामा, सावकाश या, पण याच."

मामा आले नाहीत. लोणावळ्यात एक्सप्रेसवेवरून बाहेर पडून त्यांनी जुन्या हायवेवरच्या एका धाब्याला गाडी लावली आणि उजाडल्यावर, पाऊस उघडल्यावर घाट उतरले. डबा पुढच्या जहाजाला गेला. मामांना कुणी एक शब्दानंही बोललं नाही. फक्त त्यांची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. नऊ दिवस ते कळंबोलीला उभ्या ट्रकांच्या सावलीत बसून होते. कमाई ट्रिपवर, ट्रिप नाही तर भत्ता नाही. दहाव्या दिवशी मी त्यांना नवी ट्रिप सांगायला फोन केला, तर म्हणाले, "ताई, आता परत न्हाई थांबणार."

ड्रायव्हरला शिक्षा अशी होते. ना मेमो, ना काढून टाकल्याचं पत्र. कोणत्या कागदावर दाखवणार की नऊ दिवस गाडी दिली नाही म्हणून?

घाटात ट्रक पलटी झाला की आपण काय वाचतो? 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने'. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला आदल्या तासात कुणाकुणाचे फोन आले होते, हे बातमीत कधीच नसतं. बोरघाटात गाडी न्यूट्रलवर उतरवतात म्हणून आपण ड्रायव्हरांना शिव्या घालतो. न्यूट्रल केलं की इंजिनाचा रोध सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. हे कुठल्याही ड्रायव्हरला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी तो करतो, कारण ट्रिपचं डिझेल मोजून दिलेलं असतं. जास्त लागलं तर त्याच्या खिशातून, वाचलं तर चार पैसे त्याचे. तो हिशेब ऑफिसात बसून आम्ही लावायचो. तो लावताना एसी चालू असायचा, हेही सांगते.

कायदा नाही असं नाही. 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, लांब पल्ल्याला फार तर 10 आणि 54 तास, आणि सलग 5 तास झाले की किमान अर्धा तास विश्रांती, इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्या आठ वर्षांत ऑफिसात हे आकडे मी कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. आता नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगारानं मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवावं, अशी तरतूद त्यातल्या सुरक्षिततेच्या संहितेत आहे. चांगलं आहे. पण रात्री साडेअकराला घाटाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसानं निरीक्षक कुठून शोधायचा? आणि वाहतूक व्यवसायाला ही संहिता लागू होते ती दहा किंवा जास्त कामगार असतील तर. दोन-तीन गाड्यांचा मालक, त्याच्याकडचे चार ड्रायव्हर, यांचं काय? मुंबईच्या आसपास अशा गाड्या काय थोड्या आहेत?

अमेरिकेत 1982 सालचा एक कायदा आहे. गाडी सुरक्षित नाही किंवा नियम मोडावा लागेल म्हणून ड्रायव्हरनं चालवायला नकार दिला, तर त्याला कामावरून काढता येत नाही, पगार कापता येत नाही. तसं झालंच तर 180 दिवसांत तक्रार करता येते. म्हणून तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण 'नाही' म्हणण्याचा हक्क तिथं कागदावर तरी आहे. आपल्याकडे ड्रायव्हरला तो उघड शब्दांत हवा, आणि नकार दिल्यावर गाडी काढून घेणं हाही गुन्हा ठरायला हवा.

तोवर जे हातात आहे ते तरी वापरू या. मोटार वाहन कायद्यात बिघडलेल्या गाडीबद्दल आणि ओव्हरलोडबद्दल जी कलमं आहेत, ती फक्त चालवणाऱ्यावर थांबत नाहीत. जो चालवायला लावतो आणि जो चालवू देतो, तोही त्यात येतो. ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर हे मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. आजारी माणसाला गाडीवर बसवणं हे गुन्ह्याला चिथावणी देणं ठरू शकतं. अपघातानंतर पोलिसांनी ड्रायव्हरचा मोबाइल बघावा, तसा ऑफिसचाही बघावा. माझा बघितला असता तर मी सापडले असते.

2024 च्या जानेवारीत हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हर संपावर गेले, तेव्हा मुंबईत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवस सगळ्यांना ड्रायव्हर आठवले. टाकी भरली, विषय संपला.

ऑफिस सोडल्यावरही काही जण मला फोन करतात. गेल्या पावसाळ्यात शिळफाट्यावरून एकाचा आला. टायरला गोटी आलेली, म्हणजे बाजूला फुगवटा, केव्हाही फुटेल असा, आणि मालक म्हणतोय नाशिक गाठ. मी म्हटलं, "दादा, टायरचा फोटो काढ, मालकाला व्हॉट्सॲपवर पाठव आणि खाली लिही, अशा टायरवर कसारा घाट चढायला सांगताय तर इथं लिहून द्या." त्यानं पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तासाभरानं मालकाचा माणूस दुसरा टायर घेऊन आला.