पिशवी काढण्याआधीचे प्रश्न

आपल्याकडे चाळिशीपुढच्या पाळीची चर्चा दोन टोकांवर चालते. ‘सगळ्याच बायकांचं होतं, सोसायचं’ हे एक, आणि ‘मुलं झाली ना, मग पिशवी काढून टाका’ हे दुसरं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रिया गाजल्या, तेव्हा चौकशी समिती बसली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच राहिला: पिशवी काढायची नाही, तर अंगावरून जाणाऱ्या रक्ताचं करायचं काय?

ब्रिटनमध्ये वारं उलटं आहे. गेल्या काही वर्षांत इथे रजोनिवृत्तीवर इतकं बोललं गेलं, की २०२२ मध्ये कातडीला लावायच्या हॉर्मोनच्या जेलचा तुटवडा पडला. विसरभोळेपणा, सांधेदुखी, चिडचिड, सगळ्याचं खापर इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनच्या कमतरतेवर. खासगी दवाखाने तपासण्यांचे संच विकतात ते वेगळंच. हे काही आपल्याकडे न्यायला नको. न्यावी ती इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, निदान कागदावर तरी पक्की असलेली, पायरीपायरीने जायची पद्धत.

वय ४५ च्या पुढे, पाळी अनियमित, अंगातून वाफा येताहेत: रजोनिवृत्ती जवळ आल्याच्या निदानाला एवढं पुरतं. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हॉर्मोन, रक्तात तपासायचं कारण नसतं. या काळात तो आकडा आज वर तर पुढच्या आठवड्यात खाली असतो, आणि नेमका खालचा हाती आला की ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून बाईला परत पाठवतात. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तो तपासावाच लागतो, तोही चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. एरवी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघावं. थायरॉइडचा बिघाड आणि लोहाची कमतरता या लक्षणांआड सहज लपतात.

आता रक्तस्राव. एखाद्या महिन्यात अंडं सुटतच नाही, म्हणून अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढवत राहतं. मग दोन महिने काही नाही आणि एकदम रक्ताच्या गाठी पडायला लागतात. ‘पिशवी खराब झालीय’ या वाक्याला निदान म्हणता येत नाही. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली कर्करोगाची नसलेली गाठ, दिसला, तर तो पोकळीत शिरलाय की बाहेरच्या बाजूला आहे, हे विचारावं. बाहेरचा लहान फायब्रॉइड बहुधा रक्तस्रावाला जबाबदार नसतो. ४५ च्या पुढे असा रक्तस्राव सुरू झाला, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये वारंवार रक्त जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला द्यावा.

त्यात वावगं काही नसेल तर रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम दिवसातून तीनदा, फक्त जास्त रक्त जाण्याच्या दिवसांत, जास्तीत जास्त चार दिवस. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर हे औषध नको. दुसरा उपाय म्हणजे ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हॉर्मोन) गर्भाशयात बसवायची हॉर्मोनची तांबी. ती फसते कुठे, तर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. तेवढे दिवस डाग पडत राहतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, आणि ‘मला मानवली नाही’ म्हणत बाई दुसऱ्याच महिन्यात ती काढून घेते. मग शस्त्रक्रियेची तारीख ठरते. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या वादाचं मूळ त्या न दिलेल्या पाच मिनिटांत आहे.

आता वाफांसाठी बाहेरून घ्यायची हॉर्मोन. हॉर्मोन म्हणजे कॅन्सर, ही धास्ती २००२ च्या अमेरिकी अभ्यासापासूनची. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळ्याही जुन्या पद्धतीच्या होत्या. इस्ट्रोजेनसोबत कृत्रिम प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ८ ने वाढला. गर्भाशय नसलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात ती वाढ दिसली नाही. धोका आहेच, वर्षांगणिक वाढतो, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने हा मार्ग धरू नये. पण पन्नाशीच्या, वाफांनी रात्र रात्र जागणाऱ्या निरोगी बाईला या आकड्याची भीती घालून घरी पाठवणं चूक आहे.

ब्रिटनमध्ये सुरुवात सहसा कातडीवर चिकटवायच्या, २५ किंवा ५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या पट्टीने होते. आठवड्यातून दोनदा बदलायची, कमरेखाली, दर वेळी वेगळ्या जागी. क्रीम किंवा तेल लावलेल्या कातडीवर ती टिकत नाही. पोटातून घ्यायच्या गोळीने गुठळ्यांचा धोका वाढतो, नेहमीच्या मात्रेतल्या पट्टीने किंवा जेलने तो वाढत नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच: पाळी चालू असताना महिन्यातून १२ ते १४ रात्री २०० मिलिग्रॅम, पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर रोज रात्री १००. झोप किंवा गुंगी येते म्हणून बायका ते परस्पर सोडतात आणि पट्टी चालू ठेवतात. सगळ्यात धोक्याची चूक हीच, कारण अस्तर विनाआडकाठी वाढत जातं. आणि हे औषध गर्भनिरोधक नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं काळजी घ्यावी लागते.

योनीचा कोरडेपणा आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्ग यांवर दोन्हीकडे सारखंच मौन आहे. १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिओलची (इस्ट्रोजेनचाच प्रकार) योनीत ठेवायची गोळी दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. यासोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. थांबवली की त्रास परत येतो, एवढं लक्षात ठेवावं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर आलेला रक्ताचा एक डागही मात्र लगेच दाखवायचा.

कधी कधी शस्त्रक्रिया खरोखरच लागते. तेव्हा अंडाशय ठेवणार की काढणार, हे वेगळं विचारावं. ‘पोट उघडलंच आहे तर तेही काढू’ हे कारण पुरेसं नाही. ४५ च्या आत दोन्ही अंडाशय गेले तर हाडं आणि हृदय यांना लवकर झळ बसते, आणि काही अडचण नसेल तर नैसर्गिकपणे पाळी जाण्याच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावे लागतात. त्यांची चिठ्ठी डिस्चार्जच्या कागदांत आहे का, ते घरी निघण्याआधी पाहून घ्यावं.