हाफ-ऑर्कनं विझर्ड होऊ नये म्हणणाऱ्या त्या चार्टबद्दल

गेले काही दिवस एक रंगीत चार्ट ग्रुपाग्रुपात फिरतोय, डी अँड डीमध्ये, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून कॅरेक्टर रंगवायच्या खेळात, कुठल्या रेसनं (कॅरेक्टरची जमात, जसं हाफ-ऑर्क) कुठला क्लास (त्याचं काम, जसं विझर्ड म्हणजे जादूगार) घ्यायचा याचा. हिरवा चौकोन म्हणजे घ्या, लाल म्हणजे पार्टीचं, म्हणजे सोबत खेळणाऱ्या टोळीचं, वाटोळं. तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती पहिल्यांदाच खेळणार आहे, हाफ-ऑर्क विझर्ड करायचा म्हणून हौसेनं सगळी तयारी केलेली, आणि टेबलावरच्याच एकानं हा चार्ट पाठवून सांगितलं की हे चालणार नाही, बदल. मला विचारत होती, "मामा, माझ्यामुळे सगळे मरतील का रे?" असं कोणालाही विचारावं लागू नये, म्हणून हे लिहितोय.

चार्ट म्हणतो हाफ-ऑर्क विझर्ड निरुपयोगी, कारण त्याला इंटेलिजन्सचा, म्हणजे विझर्डची जादू ज्यावर चालते त्या बुद्धीच्या आकड्याचा, बोनस नाही. बोनस नाही हे २०१४च्या प्लेयर्स हँडबुकप्रमाणे (खेळाचं नियमांचं पुस्तक) खरंय, त्याला स्ट्रेंग्थला (ताकद) +२ आणि कॉन्स्टिट्यूशनला (दमदारपणा) +१ मिळतो. पण पुढचं गणित कोणी केलंय का? कॅरेक्टरच्या गुणांना वाटायच्या ठरलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा १५ इंटेलिजन्सला द्या, मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) +२. ज्याला चार्टनं हिरवा रंग दिलाय त्या नोम रेसचा बोनस धरून होतो १७, मॉडिफायर +३. म्हणजे फरक एकाचा. वीस बाजूंच्या फाशावर एक, म्हणजे पाच टक्के. एवढ्यावर पोरीला कॅरेक्टर फेकून दे म्हणता?

एक मान्य करतो, रोज तयार ठेवायची स्पेल्स (मंत्र) एकानं कमी होतात आणि सुरुवातीच्या लेव्हलला ते जाणवतं. हा एकाचा फरक बराच काळ राहतो, बाराव्या लेव्हलपर्यंत इंटेलिजन्सच वाढवत नेला तर मग दोघंही २० वर. पण विझर्डची कितीतरी चांगली स्पेल्स इंटेलिजन्सकडे बघतच नाहीत. मॅजिक मिसाइल चुकतच नाही, शील्डला फासा टाकावा लागत नाही, मिस्टी स्टेपला नाही, आणि २०१४चं स्लीप पाच डी-८ (आठ बाजूंचे फासे) टाकून तेवढ्या हिट पॉइंटचे (किती जीव उरलाय त्याचा आकडा) शत्रू झोपवतं, त्यात सेव्हिंग थ्रो (शत्रूनं वाचण्यासाठी टाकायचा फासा) नाही की तुमचा मॉडिफायर नाही. उलट हाफ-ऑर्क शून्य हिट पॉइंटवर आला तरी लाँग रेस्टमागे (मोठी विश्रांती) एकदा १ वर टिकून राहतो. विझर्डचा हिट डाय (ज्यावरून हिट पॉइंट ठरतात तो फासा) डी-६, सगळ्यात आधी तोच पडतो, आणि बेशुद्ध पडला की कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारं लक्ष) तुटतं आणि चालू असलेलं स्पेल गेलं. सांगा आता, हा गुण सगळ्यात जास्त कोणाला हवाय?

आणि मुख्य म्हणजे हा वादच जुना झालाय. २०२०च्या टाशाज कॉल्ड्रन या नियमांच्या पुस्तकात रेसचे बोनस हवे तिथे हलवायचा पर्यायी नियम आला. २०२४च्या प्लेयर्स हँडबुकनं तर ते रेसकडून काढूनच घेतले, रेसला आता स्पीशीज म्हणतात आणि आकडे बॅकग्राउंडमधून, म्हणजे कॅरेक्टर आधी काय करत होतं त्यावरून, येतात. त्यात हाफ-ऑर्क नाही, ऑर्क आहे, आणि सेज (विद्वान) बॅकग्राउंडचा ऑर्क विझर्ड पहिल्याच लेव्हलला इंटेलिजन्स १७ घेऊन बसतो. टिकून राहायचा गुण त्याच्याकडेही आहे. म्हणजे चार्ट फिरवणाऱ्यांनी नवीन पुस्तक उघडलेलंच नाही.

अशीच आणखी एक समजूत, "क्लेरिकशिवाय (देवाच्या कृपेनं जखमा बऱ्या करणारा क्लास) पार्टी मरते", आणि म्हणून जो नवा त्याच्या गळ्यात क्लेरिक. हेही नको. हीलिंग वर्ड हे बरं करायचं स्पेल बार्ड (गाणारा जादूगार) आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) या क्लासकडेही असतं, पॅलाडिन (देवाची शपथ घेतलेला योद्धा) हात लावून बरं करतो, हीलिंग पोशन ५० सोन्याच्या नाण्यांना मिळतं, लाँग रेस्टनंतर सगळे हिट पॉइंट परत येतात. पडलेल्याला उठवणारं कोणीतरी एक असावं, हे बरोबर आहे. ते क्लेरिकच असावं आणि तेही ज्याला नकोय त्यानं करावं हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही.

बार्ड म्हणे टाइमपास. तो नवव्या पातळीपर्यंतची स्पेल्स करतो, विझर्डइतकीच, वाचून बघा. हाफलिंग रेसनं म्हणे फक्त रोग (चोराचा क्लास) व्हावं, पण त्याचा १ पडला की परत टाकायचा गुण डी-२० टाकणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहे.

शेवटचं, "नवख्यानं ह्यूमन फायटरच घ्यावा". फायटर शिकायला सोपा, कबूल, आणि विझर्डला पहिल्या दिवशीच स्पेलबुकात (मंत्रांची वही) सहा स्पेल्स निवडावी लागतात. पण ती कोणीतरी शेजारी बसून निवडून देऊ शकतं. रस असेल तर माणूस शिकतो, आणि जे कॅरेक्टर लादलंय ते घेऊन दुसऱ्या सेशनला कोण येणार?

ज्यानं तिला चार्ट पाठवला त्यानं आधी डीएमला (खेळ चालवणारा) विचारावं की टेबलावर कुठलं पुस्तक चालतं. २०१४चं असेल तर १५ इंटेलिजन्सला, १४ डेक्स्टेरिटीला (चपळाई), १३ कॉन्स्टिट्यूशनला, बोनस धरून तोही १४ होतो, म्हणजे सुरुवातीला ८ हिट पॉइंट. मी तिला हेच आकडे दिलेत आणि सोबत स्लीप घ्यायला सांगितलंय.